तारेवर बोट

सोमवार, ४ जानेवारी १९९९

पोहोचले. दौंडहून चौफुल्यापर्यंत एक एसटी, चौफुल्याहून न्हावऱ्यापर्यंत दुसरी, आणि तिथून पिंपळदऱ्यापर्यंत दुधाच्या कॅनांच्या शेजारी टेम्पोत. तरी साडीची घडी शाबूत आहे आणि डोकंही. बावीस वर्षं दौंडला फिजिक्स शिकवल्यावर संस्थेने माझी बदली वर्षाच्या मध्येच केली. विज्ञान प्रदर्शनाला नारळच फोडायचा असेल तर निदान तो गच्चीवरून सोडून खाली यायला किती वेळ लागतो ते तरी मोजू, असं मी भर मीटिंगमध्ये म्हणाले होते. प्राचार्यांना विनोद कळला, हे दुर्दैव.

पण गाव छान आहे. दोन्ही बाजूंना ऊस, कांद्याचे हिरवे वाफे, थंडी अशी की चहा पुन्हा प्यावासा वाटतो. रंगुबाईंकडे खोली मिळाली. पुढे घर, मागे गोठा, आणि गोठ्याच्या भिंतीला लागून शाळेची प्रयोगशाळा. प्रयोगशाळेच्या खिडकीतून गाई दिसतात. गाईंनाही आम्ही दिसत असणार. त्यांचं मत कोणी विचारलेलं दिसत नाही.

परवाच एक गाय व्यालेली, म्हणून आल्या आल्या बशीभर खरवस पुढे आला. वेलदोडा घातलेला, थरथरता, अप्रतिम. मग रंगुबाई मला वासरू दाखवायला गोठ्यात घेऊन गेल्या. वासराला बादलीतलं दूध प्यायला शिकवायची त्यांची रीत अशी: दोन बोटं त्याच्या तोंडात द्यायची, ते चोखायला लागलं की हात हळूच दुधात बुडवायचा. मलाही आग्रह झाला. दिली बोटं. खरबरीत जीभ, वरच्या बाजूला दातच नाहीत, नुसती खाचाखाचांची हिरडी, आणि कोपरापर्यंत लाळ. खोलीवर येऊन डेटॉलने तीनदा हात धुतले. रंगुबाई शेजारणीला हसून सांगत होत्या की मास्तरीणबाईला वासरू न्हाई, इंगळी चोखली जणू.

एकूण मजेत राहणार असं दिसतं.

बुधवार, ६ जानेवारी

आज प्रयोगशाळा पाहिली. बारावीची बेचाळीस जर्नलं तपासली आणि दुपारचं जेवण गेलं नाही.

सोनोमीटरचा प्रयोग तर इतका सोपा की माझ्या आईलाही जमला असता. लाकडी पेटीवर मीटरभर तार दोन टेकूंवर ताणायची, टोकाला वजन टांगायचं, तारेतून वीज सोडायची आणि मध्ये लोहचुंबक ठेवायचा. तार थरथरते. काही भाग फुगल्यासारखे दिसतात, ते लूप. दोन लूपांच्या मधली जागा अजिबात हलत नाही, तो नोड. कागदाच्या चिमुकल्या घड्या तारेवर बसवायच्या. लूपवरच्या उडून पडतात, नोडवरची बसून राहते. दोन नोडांमधलं अंतर मोजा, दुप्पट करा, ती तरंगलांबी.

बेचाळीसही जर्नलांत तरंगलांबी ९९.६ सेंटिमीटर. गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यात ९९.६. त्याआधीच्या, त्याच्याही आधीच्या. मूळ सापडलं १९८७ सालच्या एका जर्नलमध्ये, खाकी कव्हर घालून देव्हाऱ्यासारखं कपाटात ठेवलेलं. प्रयोगशाळेचा शिपाई मच्छिंद्र दरवर्षी ते उघडून बाजारभाव सांगावेत तसा आकडे सांगतो आणि मुलं उतरवून घेतात. जगात काय काय झालं, पिंपळदऱ्याची तरंगलांबी मिलिमीटरभर हलली नाही.

मच्छिंद्र पन्नाशीचा, सावकाश माणूस. सोनोमीटरवर त्याने पोतं टाकून वर दगड ठेवलाय. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “त्या तारंला हात लावायचा न्हाई, मॅडम. रीडिंग हायेत की.” किळस येते ती चोरीची नाही. चोरी करतानाच्या या शांतपणाची येते.

सोमवार, ११ जानेवारी

वर्गात जाहीर केलं की यंदा जे दिसेल तेच लिहायचं. बेचाळीस चेहऱ्यांवर दुखवट्याची छटा. एकटी गौतमी पुढे आली. वडील सणसवाडीच्या कारखान्यात टर्नर, आठवड्याने घरी येतात. मुलीला इंजिनिअर व्हायचंय. तिने नीट विचारून घेतलं. बाहेरच्या परीक्षकाला ९९.६ च्या जागी वेगळा आकडा दिसला आणि प्रॅक्टिकलचे मार्क गेले तर? तीस मार्क म्हणजे तिचं कॉलेज. मी म्हटलं, तू मापलेलं लिही, तुझ्या मागे मी उभी आहे. “मग मी लिहिणारच, मॅडम,” म्हणाली. तिच्या सरळपणाचा मला जरा हेवा वाटला.

पोतं काढलं. मच्छिंद्र बाहेर निघून गेला.

दोन लूप. अर्धी तार ५०.३, तरंगलांबी १००.६. एका सेंटिमीटरने का होईना, अकरा वर्षांनी गावात एक खरा आकडा लिहिला गेला. नोडवरची घडी मात्र उचलता येईना. चिकटली होती. तारेवर तिथेच पिवळट, दाट काहीतरी. मच्छिंद्राच्या तेलकट हातांना मनात दोन शब्द बोलले आणि स्पिरिटने पुसलं. वास जाईना. न तापवलेल्या दुधाचा, थोडासा रक्ताचाही.

संध्याकाळी रंगुबाई खुशीत. दुपारी गाईंना आपोआप पान्हा फुटला म्हणे, वासरू सोडायच्या आधीच.

शनिवार, १६ जानेवारी

सकाळपासून वीज नव्हती. गौतमी वजन टांगून ठेवत होती, वीज येईल तेव्हा येईल म्हणून. तार थरथरायला लागली.

वीज नव्हती. मी बटण पाहिलं, वायर उपसून हातात घेतली. तार थरथरतच होती, आणि आता तीन लूप. वजन सोमवारचंच. वजन तेवढंच ठेवून लूप वाढत नाहीत. हे मी बावीस वर्षं शिकवलंय. गौतमीने शांतपणे मोजलं: ३३.४, दुप्पट ६६.८. लिहिलं. दिसलं ते लिहायचं, असं मीच सांगितलेलं.

आवाज हलका, खालच्या पट्टीतला. खिडकीकडे पाहिलं तर चार गाई दावी ताणून भिंतीशी उभ्या. चारींच्या सडांतून दूध गळत होतं. कोणी पिळत नव्हतं.

दोन नोड, दोन्ही चिकट. चिमट्याने घड्या काढल्या.

बुधवार, २० जानेवारी

रंगुबाईंनी पुन्हा खरवस पाठवला. मी दोन वड्या खाल्ल्या. मग गप्पांत विचारलं, कोणती गाय व्याली? म्हणाल्या, कुठलीच न्हाई. तांबडीला सात महिने झालेत व्यायला, आन् परवापासनं चीकच देतीया. देवाची करणी.

चीक गाय व्याल्यावर चार दिवस येतो. वासरासाठी. नवं वासरू नाही.

मोरीत ओकले. ओकारीतही तोच वास, तारेवरचा. सबंध बाटली डेटॉल संपवलं, तोंडात घेता येत नाही म्हणून नुसती हुंगत बसले.

शनिवार, २३ जानेवारी

चार लूप. २५.०.

तार वाजत असताना मला प्रयोगशाळेतून खोलीवर जाऊन कपडे बदलावे लागले. कारण लिहिणार नाही.

रविवार, २४ जानेवारी

लिहिते. रोजनिशीत खोटं लिहायचं तर मग ९९.६ काय वाईट?

माझं वय एकोणपन्नास. लग्न केलं नाही, मूल नाही. तार वाजली आणि माझा ब्लाउज दोन्हीकडे भिजला. पिवळट. दाट. मी चौघी गाईंसारखीच खिडकीशी उभी होते आणि माझ्या अंगाने मला न विचारता उत्तर दिलं. ब्लाउज चुलीत घातला. ओला होता, पेटेना. स्वतःच्या कातडीची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

दौंडला परत जावं असं मनात आलं. पण आठ तारखेला परीक्षा आहे आणि मी गौतमीला शब्द दिलाय.

गुरुवार, २८ जानेवारी

पाच लूप.

घडी उचलताना गौतमीचा हात पाहिला. उजव्या हाताची पहिली दोन बोटं पांढरी, सुरकुतलेली, तासन् तास पाण्यात ठेवल्यासारखी. पेरावर बारीक ओरखडे, एकाच दिशेने. दुखत नाही म्हणाली. नोडपाशी बोट नेलं की जरा ओढल्यासारखं होतं, एवढंच. हसत होती. मी तिला घरी पाठवलं.

मच्छिंद्राला गाठलं. आधी तंबाखू मळत राहिला. मग सगळं सांगितलं, तेही भिंतीकडे बघून.

शाळेत लागायच्या आधी तो जनावरांच्या डॉक्टराच्या हाताखाली होता. ८८ साली रंगुबाईंच्या मालकाची गाय अडली. डॉक्टर गावाला. वासरू आडवं. गाय दहा लिटरची, मालक म्हणाला काही कर पण गाय वाचव. मेलेलं वासरू पोटात असलं की तारेने आतल्या आत कापून काढतात, ते मच्छिंद्राने पाहिलेलं. कापायच्या आधी आत हात घालून वासराच्या तोंडात बोट द्यायचं असतं. मेलेलं असलं तर काही नाही. जिवंत असलं तर—

म्हणाला, “चोखलं, मॅडम. माझं बोट चोखलं त्यानं. आन् मी भाईर सांगितलं, मेलंय म्हनून.”

सहा तुकडे निघाले. गाय वाचली, आता गोठ्यात आहेत त्या तिच्याच नाती-पणत्या. पुढच्याच आठवड्यात तो शाळेत लागला, सोनोमीटरची तार तुटलेली, तपासणी तोंडावर. त्याने वासरू कापलेली तीच तार उकळून, धुऊन बसवली. पहिल्यांदा वाजली तेव्हा दोन लूप. रोज एक वाढायला लागला. त्याने पाचावर पोतं टाकलं, तेव्हा कुठे ती गप्प झाली, आणि मागच्या वर्षाचं जर्नल बाहेर काढलं.

म्हणजे अकरा वर्षांच्या ज्या खोटेपणाला मी नाक मुरडलं, ते त्या तारेवरचं झाकण होतं. आणि ते मी काढलं. तत्त्वासाठी.

सहा झाले की काय होणार, हे विचारलं. म्हणाला, पुरं व्हईल. मग त्याला आई लागंल.

सोमवार, १ फेब्रुवारी

पोतं पुन्हा टाकलं. पोत्याखाली वाजते.

इथल्या प्राचार्यांना सांगितलं की सोनोमीटर मोडीत काढा. म्हणाले परीक्षेच्या यादीत आहे, आणि मॅडम, प्रामाणिक रीडिंगची हौस तुमचीच ना?

पक्कड घेऊन गेले. पकडीच्या दातांत तार आली आणि दबली. तार दबत नसते. मांसासारखी दबली आणि आक्रसली. आणि मला पुन्हा— दुसरा ब्लाउज. पक्कड टाकून पळाले. तुकडे केल्याने ते मरत असतं तर तेव्हाच मेलं असतं.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

गौतमीला बोलावलं. म्हटलं, सोनोमीटर आलाच तर ९९.६ लिही. मी, हे मी म्हटलं. तोंडात शेण घातल्यासारखं झालं.

तिने जर्नल मिटलं. म्हणाली, “मॅडम, तुम्हीच म्हणाला होता. आता तुम्हीच?” आणि म्हणाली की न मापता लिहिणार नाही. गेले तीस मार्क तरी चालतील.

माझीच विद्यार्थिनी. शिकवलं ते इतकं नीट कुणी शिकू नये.

सोमवार, ८ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

प्रयोगांच्या चिठ्ठ्या काल मीच केल्या. सोनोमीटरची केली नाही. बाहेरचे परीक्षक दौंडचे, काटेकोर. यादीशी मोजल्या, एक कमी भरली, स्वतःच्या पेनाने लिहिली आणि वाडग्यात टाकली.

गौतमीने उचलली. माझ्याकडे पाहून हसली. काळजी करू नका, असं.

१०.५०

वीज नाही. वजनही टांगलेलं नाही, तार ढिलीच. तरी.

सहा. मी दोनदा मोजले. पाच नोड, पाच घड्या, पाचही भिजलेल्या. गोठ्यातून दावी तुटल्याचा आवाज आला. गाई खिडकीशी. मी पदर दोन्ही हातांनी आवळून—

मुलांना वाटतं गाईंची गंमत. हसतायत.

११.०५

गौतमी मधल्या घडीकडे बोट नेत होती. तिचं बोट तारेकडे वाकलं, तिने वाकवलेलं नव्हतं. मी तिला बाजूला सारलं. म्हटलं अंतर मोजून झालंय ना, बस, लिही, दिसलं तेच लिही, तार मी धरते.

मधल्या नोडवर माझं डावं बोट. तार दाबून धरली की थरथर थांबते. थांबायलाच हवी. पुस्तकात आहे.

थांबली.

गाई गप्प.

११.१५

परीक्षक विचारून गेले, मॅडम हात का ठेवलाय? म्हटलं तार ढिली आहे, धरायला हवी. मान डोलावून गेले. उजव्या हाताने लिहितेय.

बोट काढता येत नाही. चिकटलंय म्हणून नाही. काढलं तर पुन्हा वाजेल आणि ती पोरगी हातभर अंतरावर बसलीय. जर्नलमध्ये मान घालून. १६.६ लिहिलं तिने. दुप्पट करतेय. सावकाश, पोरी, घाई नको— नाही, घाई कर

११.२०

गरम झाली. वीज नसताना.

तार नाही ही आता. बोटाखाली रुंद, ओलं. खरबरीत, एकाच दिशेने. वर दात नाहीत. खाचा मोजता येतात—

डेटॉल खोलीवर राहिलं

मच्छिंद्र दारात. माझ्या हाताकडे बघतोय. तोंडावर हात. विचारलं त्याने, सगळ्यांसमोर, मॅडम, चोखतंय का

हो

११.२५

दुसऱ्या पेरापर्यंत. ओढ आहे. किळस येत नाही हीच किळस— ब्लाउज, पदर, सगळं— येऊ दे

गौतमी उठली. ३३.२. बरोबर आहे. जर्नलवर माझी सही लागते, नाहीतर मार्क धरत नाहीत. उजव्या हाताने करते. जवळ येऊ नकोस, पोरी, जर्नल सरकव, तिथूनच सरकव—

केली सही.

एका हाताने भागत नाहीये त्याचं. दोन बोटं द्यायची असतात, रंगुबाईंनी दाखवलं होतं, दोन, मग हात हळूच खाली. मला आता पेन ठेवून हा हातही